हरणांना जेवणाचं आवतण

माझ्या बायकोला कतारला हरणांनी आणलं. पासपोर्टात शिक्का सरकारचा आहे, अर्जावर सही माझ्या कफिलाची, म्हणजे ज्याच्या नावावर मी त्या देशात राहत होतो त्या मालकाची. पण खरं श्रेय सात हरणांचं. वसईत हे कोणाला सांगितलं की तो मला वर-खाली बघतो. बघू दे. मला तर अजून ते आठवलं की एकट्यालाच हसू फुटतं, कधी बसमध्ये, कधी चर्चात भर मासमध्ये, आणि बायको कोपर मारते.

गोष्ट नव्वदीच्या शेवटची. दोह्यात नजमा नावाच्या वस्तीत एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, सहाही बायका-पोरं गावाला ठेवून आलेले. मी पंप आणि पाइप विकणाऱ्या एका कंपनीत क्लार्क होतो. मुलगी दीड वर्षाची असताना गेलो होतो. दुसऱ्या सुट्टीवर घरी आलो तेव्हा ती दारात उभी होती, मला बघून आत पळाली आणि आईला म्हणाली, कोणीतरी काका आलेत. सगळे हसले, मीही हसलो. मग पाय धुण्याच्या निमित्तानं मागे विहिरीवर गेलो आणि पोटभर रडलो. परतलो तो एकच ध्यास घेऊन, की या दोघींना इकडे आणायचं.

त्यासाठी फॅमिली व्हिसा लागायचा, आणि त्याच्या अर्जावर कफिलाची सही. अर्ज मी टाइप करून त्याच्या टेबलावर ठेवला होता. मधून मधून आठवण द्यायचो. माझा मालक माणूस वाईट नव्हता, पण त्याला नाही म्हणता यायचं नाही. तो इन्शाल्ला म्हणायचा. देवाच्या मनात असेल तर, असा त्याचा अर्थ, आणि म्हणणाऱ्याच्या मनात देव असला तर तो मोठा शब्द आहे. मालकाच्या तोंडी त्याचा अर्थ 'आज नको' एवढाच असायचा. वर्ष-दीड वर्ष मी तो इन्शाल्ला ऐकला आणि शेवटी शेवटी मला त्या शब्दानं पित्त व्हायला लागलं.

मालकाच्या वडिलांना आम्ही सगळे यूबा म्हणायचो. तिकडे बापाला तशीच हाक मारतात. ऐंशीच्या घरातले, काटकुळे, एका डोळ्यात मोतीबिंदू. तरुणपणी मुंबईला बरेचदा येऊन गेलेले, त्यामुळे मोडकं-तोडकं हिंदी छान बोलायचे. मुलाचा दोह्यातला मोठा बंगला सोडून ते उत्तरेला, मदिनत अश शमालच्या अलीकडे आपल्या मजऱ्यावर राहायचे. मजरा म्हणजे शेतवाडी: खजुराच्या रांगा, शेळ्या, चार उंट, एक विहीर, आणि त्यापलीकडे जिकडे बघाल तिकडे खडकाळ माळ.

एके दिवशी मालक ऑफिसात आला तो कपाळाला हात लावून. यूबांनी हट्ट धरला होता. त्यांच्या लहानपणी त्या माळावर रीम असायच्या, तिकडची हरणं, वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, उंची आपल्या शेळीएवढी. पुढे बंदुका आल्या, जीपगाड्या आल्या आणि रीम संपल्या. आता कोणाच्या तरी मोठ्या कुंपणातून सुटलेली सात रीमांची टोळी त्या माळावर फिरत होती. यूबांना लांबून दिसायची, जवळ काही येईना. मालक म्हणाला, दहा विकत आणतो, जाळी मारून ठेवतो. यूबा म्हणाले, जाळीतलं जनावर पाहुणा नसतं. रीम आपल्या पायांनी यावी, माझ्या शेतात जेवावी, आणि मी ती माझ्या डोळ्यांनी बघावी. डोळे आहेत तोवर. आता बाप असं बोलल्यावर मुलानं काय करावं?

मालकानं सगळ्या ऑफिसला विचारलं, तुमच्यापैकी शेती कोणाला येते? सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझा हात वर गेला. मी वर केला नाही हो, तो आपोआप गेला. आणि वर तोंडही उघडलं. म्हणालो, आमच्या घरात सात पिढ्यांची शेती आहे.

आता हे खोटं नव्हतं. वसईत आमची वाडी आहे, केळी आहेत, पानवेल आहे, थंडीत वाल-वांगी असतात. पण शेती करायची आई, आणि लग्नानंतर माझी बायको. सातव्या पिढीचा पुरुष, म्हणजे मी, टोपल्या स्टेशनपर्यंत पोचवायचा आणि भाव काय मिळाला ते घरी येऊन सांगायचा. मेथी आणि कोथिंबीर मी वासावरून ओळखायचो, आणि तीसुद्धा निवडायला घेतल्यावर. पण ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मालकानं माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या माझ्या अर्जाकडे बघितलं. म्हणाला, "रीम आमच्या शेतात जेवली आणि माझ्या बापानं ती स्वतः बघितली, की त्याच दिवशी सही. वल्ला." वल्ला म्हणजे देवाशप्पथ. सगळ्या ऑफिससमोर. दीड वर्षाच्या इन्शाल्लाची वल्ला झाली, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या दोन बोटं वर उडालो.

संध्याकाळी फोनकार्ड घेतलं आणि शेजारच्या घरी बायकोला बोलावून घेतलं. अर्धं कार्ड तिच्या हसण्यात गेलं. तुम्ही? शेती? वाळवंटात? आणि कोणासाठी, तर हरणांसाठी? मग शेजारणीला सांगून पुन्हा हसली. मी म्हटलं हस, पण सही मिळाली तर तू इथं आहेस. त्यावर तिनं लगेच विचारायला सुरुवात केली. माती कसली, वारा कुठून, पाणी गोडं की मचूळ, तिथं आपलं आपण काय उगवतं. मला एकाचंही उत्तर येईना. ती म्हणाली आधी जाऊन पाणी चाखा, मग फोन करा. आमच्याकडे पाणी चाखल्याशिवाय दाणा टाकत नाहीत.

तर त्या हिवाळ्यात माझी शेती सुरू झाली. शुक्रवारी सकाळी एका व्हिलात मास व्हायची. चर्च तेव्हा बांधलेलं नव्हतं. मास आटोपली की मालकाची पिकअप मला घेऊन उत्तरेला निघायची. मजऱ्यावर एक पठाण होता, वयानं माझ्याहून मोठा, विहीर, शेळ्या, उंट सगळं तोच बघायचा. मी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, डोळे मिटून, मोठ्या जाणकारासारखं. पठाण आदरानं बघत राहिला. मचूळ होतं, एवढं कळलं. त्यापुढचं बायकोनं फोनवर सांगितलं. मचूळ पाण्यावर सातू येईल, लसूणघास येईल. वाल मी पाठवते, पण त्याला टाकीतलं गोडं पाणी द्या. आणि जागा घराजवळ धरू नका. लाजरा पाहुणा ओटीवर जेवत नाही, त्याला मागच्या पडवीत पान वाढावं लागतं. आडोसा बघा.

आडोसा मजऱ्याच्या अगदी टोकाला होता, घरापासून शंभरेक पावलांवर. तिथं तीन बोरीची झाडं होती. चक्क बोरी. तिकडे सिद्र म्हणतात, पण खाली पडलेली बोरं बघून मला इतका आनंद झाला की मी दोन तोंडात टाकली आणि पठाणाला मिठी मारली. बोरींच्या पायाशी लेंड्या होत्या, म्हणजे रीम तिथवर येत होत्या. मी ही खबर बायकोला अशी दिली जशी माझ्या घरी मुलगा झालाय. ती म्हणाली, मग तिथंच वाफे पाडा, कुंपण नको, आणि बोरीपासून वाफ्यापर्यंत मोकळं रान ठेवू नका, झुडपं आहेत ती तशीच राहू द्या. वसईत बसून ती मला असं चालवत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, इथं उंट आणि शेळ्या दोन्ही माझ्यासमोर होत्या आणि हाकणारी समुद्रापलीकडे.

रत्नागिरीचा एक ओळखीचा सुट्टीवरून परतताना तिनं त्याच्याबरोबर कडव्या वालाचं बियाणं पाठवलं, टाल्कम पावडरच्या डब्यात भरून. पहिले दोन आठवडे माझ्या हातांना गुलाबाचा वास येत होता. पाट ओढले, वाफे पाडले. माझे पाट वाकडे गेले, पठाणानं मला न दुखवता ते सरळ केले. पण उगवलं हो! आधी सातूचे कोंब, मग लसूणघास, आणि मग माझे वाल, दोन दोन पानं उघडून मातीतून वर आले. मी त्या शुक्रवारी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून अर्धा तास नुसता बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी उगवलं होतं. खोलीवर परतलो तर रूमवाले म्हणाले, शेतकरी आला, त्याला बसायला माती द्या. मला राग यायला हवा होता, पण मी तर खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

यूबा रोज पहाटे आणि संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर दुर्बीण. मी गेलो की विचारायचे, बंबईवाला, मेहमान आया? मी म्हणायचो, येणार यूबा, येणारच.

पीक घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत आलं. रीम अजून बोरींपर्यंतच येत होत्या. वालाला जांभळी-पांढरी फुलं धरली. मालकानं ऑफिसच्या सगळ्यांना एका शुक्रवारी तिथं सहलीला नेलं. माझं शेत बघून जो तो वा वा करायला लागला. वाळवंटात एवढं हिरवं! काय हात आहे! मी फुगलो, मान्य करतो. पण परतताना पिकअपमध्ये मला एकदम आठवलं. एवढ्या माणसांनी एवढी वाहवा केली, आणि शेताला दृष्टीसाठी काहीच लावलेलं नाही. आमच्या आईनं असं कधी चालवून घेतलं नसतं. वाडीच्या एका कोपऱ्यात फादरनी मंतरलेलं पाणी शिंपडायचं, आणि दुसऱ्या कोपऱ्यात चुन्याचे ठिपके काढलेलं काळं मडकं लावायचं, हे आमच्याकडे पहिल्यापासून. फादरना माहीत असायचं, ते दुसऱ्या कोपऱ्याकडे बघायचे नाहीत.

दोह्यात मडकं कुठलं? खोलीवर भाताचं एक पातेलं होतं, आम्ही सहा जणांनी जाळून जाळून आत-बाहेर काळं केलेलं. ते घेतलं. चुना नव्हता, ऑफिसचा व्हाइटनर होता. त्यानं दोन मोठे डोळे काढले, भुवया काढल्या, तोंड काढलं, आणि हात साफ झाला तसे दातही काढले. आई मडक्याखाली बाबांचा जुना सदरा आडव्या काठीला अडकवायची. का अडकवते, मी कधी विचारलं नव्हतं. आता आईसारखं करायचं तर सगळं करायचं. मी माझा ऑफिसचा निळा शर्ट दिला. पुढच्या शुक्रवारी वाफ्यांच्या मधोमध तो सगळा सरंजाम उभा केला, वाऱ्यावर बाह्या फडफडताना बघितल्या आणि निर्धास्त झालो. पठाणानं एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, दृष्ट लागू नये म्हणून नुसतं माशाल्ला म्हटलं तरी चाललं असतं. पण माझा अधिकार मोठा, सात पिढ्यांचा. तो गप्प बसला.

आणि हरणं येईनात.

नुसती येईनात असं नाही. रोज सकाळी बोरींपाशी ताजे खुरांचे ठसे दिसायचे. तिथून झुडपांच्या आडून शेताच्या दिशेनं यायचे, वाफ्यापासून वीस पावलांवर थांबायचे आणि गर्रकन वळून माळावर जायचे. सातही. रोज. मला वेड लागायची पाळी आली. मालक म्हणाला सेंटचा वास येत असेल, म्हणून त्यानं मजऱ्यावर अत्तर लावणं बंद केलं, आणि त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती. मी डोक्याला तेल लावणं सोडलं. पठाणानं साबण सोडला, त्याचा परिणाम हरणांवर झाला नाही, पिकअपच्या ड्रायव्हरवर झाला. यूबांनी रेडिओ बंद करायला लावला. उंट दुसऱ्या बाजूला बांधले. मी बूट काढून अनवाणी चालायला लागलो आणि पायात इतके काटे मोडून घेतले की सोमवारपर्यंत ऑफिसात लंगडत होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं आम्ही एकेक करून सगळं अंगण खोदून बघितलं.

फेब्रुवारी सरला. वालाला शेंगा लोंबायला लागल्या. उन्हाचा चटका वाढला, आणि ऊन एकदा सुरू झालं की सगळं शेत दोन महिन्यांत करपून जाणार, हे मलाही कळत होतं. बायकोनं फोनवर सांगितलं, जूनमध्ये पोरीला शाळेत घालायचं आहे. एकदा इथल्या शाळेत बसली की मी तिला मधेच उपटून आणायची नाही, रोपाचं मूळ धरलं की हलवत नाहीत. ती रागानं बोलली नाही, त्यामुळे जास्त लागलं. त्याच आठवड्यात मी मालकाला अर्जाचं विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, इन्शाल्ला. वल्ला संपली होती. मी जाऊन बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारलं.

त्या बुधवारी पुन्हा कार्ड घेतलं. हरायची तयारी करूनच फोन लावला होता. म्हटलं, निदान मी काय पिकवलं ते तरी हिला नीट कळू दे. म्हणून सगळं वर्णन करून सांगितलं: लसूणघास अशी दाट, सातूला ओंब्या, वालाच्या शेंगा बोटाएवढ्या, आणि मधोमध आईसारखं मडकं, व्हाइटनरचे डोळे, दात, खाली माझा निळा शर्ट. ती नुसती हं हं करत होती. शर्टावर आल्यावर हं थांबलं.

"शर्ट कशाला घातलात?"

"आई घालायची ना. दृष्टीसाठी."

"दृष्टीसाठी मडकं. शर्ट घालून हात पसरले की ते बुजगावणं होतं. जनावरं पळवायला."

"अगं, पण मी दृष्टीसाठीच लावलंय."

"ते हरणांना सांगितलंत का?"

पलीकडून ती हसायला लागली, मग शेजारीण हसायला लागली, मग कार्ड संपलं. जेवणाचं आवतण द्यायचं आणि दारात दात विचकून राखणदार उभा करायचा! इतके दिवस मी त्या बिचाऱ्यांना घरापर्यंत बोलावून हाकलून देत होतो. आणि सात पिढ्यांत हे करणारा मी पहिलाच, कारण आमच्याकडे आजवर कोणी जनावराला शेतात बोलावलंच नव्हतं. फोनबूथमध्ये मी एकटा असा काही हसलो की बाहेरचा माणूस रांग सोडून गेला.

गुरुवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी ड्रायव्हरचे पाय धरले आणि मजऱ्यावर गेलो. पठाणाला सांगितलं, ते पातेलं काढ. तो म्हणाला, मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो. मी म्हटलं मग म्हणाला का नाहीस? तो म्हणाला, तुम्ही जाणते. मी पातेलं, शर्ट, काठ्या सगळं उचलून घरामागे नेऊन ठेवलं, आणि दृष्टीचं काय म्हणून वाफ्याच्या चारी बाजूंना फिरून आधी माशाल्ला म्हटलं, मग क्रुसाची खूण करून एकदा 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. आता ज्याला सांभाळायचं असेल त्यानं सांभाळावं.

त्या रात्री मी तिथंच राहिलो. पहाटे यूबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो, पठाण खांबाला टेकून. उजाडत होतं. कोणी हलत नव्हतं. आधी बोरींच्या सावलीतून एक आली. झुडपाआड थांबली, कान हलवले. वीस पावलांची ती रोजची जागा आली. ती थांबली, मान उंच केली, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पुढे आली. बांध ओलांडला. मागून दुसरी, तिसरी. आणि पहिलीनं लसूणघास सोडली, सातू सोडला, आणि सरळ माझ्या वसईच्या वालात तोंड घातलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी स्वतःचा हात दातांत धरला.

यूबांनी दुर्बीण उचललीच नाही. नुसते पुढे वाकून बघत होते. जरा वेळानं पुटपुटले, सात. मी मोजल्या तर सहा. म्हटलं यूबा, सहा आहेत. त्यांनी बोट केलं. सातवी बोरीच्या खोडाआड उभी होती, नुसते कान दिसत होते. एका डोळ्याच्या माणसानं मला ती दाखवली. त्यांच्या दाढीवर पाणी ओघळत होतं आणि ते पुसतही नव्हते. पुसायला हात हलवला असता तर पाहुणे बुजले असते.

मालकाला यूबांनी स्वतः फोन केला. काय बोलले ते भराभर अरबीत होतं, मला एक खलास कळलं. दोन तासांत मालक हजर, शुक्रवार असूनही माझा अर्ज घेऊन. पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, माझ्या बापाला मी इतका खुश कधी बघितला नाही, शुक्रन. मालकानं क्लार्कचे आभार मानले! मी तो कागद शर्टाच्या आत, अंगाला लावून दोह्यापर्यंत आणला.

एप्रिल संपायच्या आत त्या दोघी आल्या. विमानतळावर मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि आईच्या साडीमागे गेली. काका म्हणाली नाही, एवढंच. नव्या घरी चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी खाऊ आणला तर आईकडून घ्यायची. बायको म्हणायची, धीर धरा, तुम्हाला हरणांचा अनुभव आहे.

पहिल्याच शुक्रवारी यूबांनी तिघांना मजऱ्यावर बोलावलं. मालकही आला होता. पहाटे सगळे व्हरांड्यात बसलो. मी बायकोला दहा वेळा बजावलं, बोलायचं नाही, हलायचं नाही. ती म्हणाली, मला शिकवू नका, हे सगळं मीच तुम्हाला फोनवर शिकवलंय. खरंच होतं. पोर तिच्या मांडीवर. मग त्या आल्या, आता रोजच्या झाल्या होत्या, बिनधास्त, सातही वालात शिरल्या आणि शेंगा ओढायला लागल्या. मी कौतुकानं बायकोकडे बघितलं.

तिचा चेहरा बदलला होता. ती हरणं बघत नव्हती, ती वाल बघत होती. उभं पीक, लोंबत्या शेंगा, आणि त्यात सात जनावरं. मी तिचं मनगट धरायला हात पुढे केला, पण पोर माझ्या मांडीवर टाकून बायको व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली होती. चपला मागे राहिल्या. पदर खोचला, पळता पळता ढेकूळ उचललं आणि ती ओरडली, "हुऱ्याऽऽ! हाऽऽड! हाऽऽड!"

सात रीम बांधावरून अशा उडाल्या की माळावर फक्त धूळ राहिली. ढेकूळ वाफ्यात पडलं. बायको तिथंच थांबली, आणि आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. जित्याची खोड. मालकानं माझ्याकडे बघितलं, आणि मला माझा कागद, सही, व्हिसा, सगळं त्या धुळीत मिसळताना दिसलं.

तेवढ्यात यूबा हसले. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग खोकला आला, पठाणानं पाणी दिलं, तरी हसतच होते. मुलाला काहीतरी म्हणाले, आणि मग मला कळावं म्हणून हिंदीत: "हमारा माँ ऐसाच चिल्लाता था।"

मग त्यांनी सांगितलं. ते लहान असताना आई विहिरीजवळ जवाचा एक तुकडा करायची. रोज पहाटे रीम यायच्या, आणि रोज पहाटे आई दगड घेऊन, अशीच ओरडत धावायची. त्यांना त्या ओरडण्यानं जाग यायची. आमच्या वाफ्यात रीम आल्या, तेव्हा यूबांना वाटलं होतं की सगळं मिळालं. तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. ते आता सापडलं. मालक मान खाली घालून ऐकत होता, त्यालाही आजीची ही गोष्ट ठाऊक नव्हती. मग यूबांनी बायकोला जवळ बोलावलं, बेटी म्हणाले, आणि दर शुक्रवारी यायची ताकीद दिली. पाहुण्यांना पोटभर जेवू द्यायचं आणि मग एकदा ओरडायचं.

माझ्या मांडीवर काहीतरी हललं. पोर माळाकडे बघत होती. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"पप्पा, परत येतील?"

तोंडात जो शब्द आला तो म्हटला, आणि पहिल्यांदाच त्यात देव होता.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

त्या पुढच्याच शुक्रवारी परत आल्या. बायको ओरडली की बोरीपर्यंत जायच्या, तिचं ओरडून संपेपर्यंत वाट बघायच्या आणि पुन्हा येऊन जेवायच्या. यूबा आणखी तीन हिवाळे होते, तीनही हिवाळे आम्ही वाल पेरला. माझी मुलगी आता मोठी झाली. दोह्याच्या शाळेत शिकली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. पण हरणं हाकलायचं तिनं आईकडून घेतलं, आणि ते मात्र ती शुद्ध वसईच्या मराठीत हाकलायची.